व्हर्च्युअल आयपीवर सर्व्हर प्रोग्रॅम बाइंड होत नाही, एरर ९९ (दोन मशीन, कीपअलाइव्हड)

पंचगंगा_रूट · सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून धागा काढतोय. इथे देवनागरीच चालते त्यामुळे कमांड आणि फाइलमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहितो, समजून घ्या.

काम असं आहे की गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर वजनकाटा आणि फॅट मशीनला जोडलेलं एक छोटं यंत्र असतं, त्यात सिमकार्ड. सभासदाचं दूध मापलं की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) अशी एक ओळ टीसीपीवरून आमच्या सर्व्हरला येते, सर्व्हर दर काढून परत पाठवतो आणि मग तिकडं पावती निघते. सर्व्हर प्रोग्रॅम सी मध्ये आहे, मी आणि एका सहकाऱ्यानं लिहिलेला, पोर्ट ९१००. शिवाय ९१०१ वर यूडीपी, त्यावर यंत्र दर मिनिटाला "आहे का रे" विचारतं आणि सर्व्हर "आहे" म्हणतो.

आजवर एकच मशीन होतं. मागच्या महिन्यात सकाळच्या पाळीला त्याचा पॉवर सप्लाय गेला आणि दोन तास केंद्रांवर हातानं वह्या लिहायला लागल्या, म्हणून आता दोन मशीन लावलीत. पहिलं १९२.१६८.१०.११, दुसरं १९२.१६८.१०.१२, आणि मध्ये कीपअलाइव्हडनं (एक मशीन पडलं की पत्ता दुसऱ्यावर नेणारा प्रोग्रॅम) फिरणारा व्हर्च्युअल आयपी १९२.१६८.१०.५०. राउटरवरून बाहेरचं पोर्ट थेट .५० कडं वळवलंय.

प्रोग्रॅममध्ये बाइंड करताना .५० हा पत्ता दिलाय. पहिल्या मशीनवर चालतो. दुसऱ्या मशीनवर तोच प्रोग्रॅम, तीच फाइल, सुरू केला की लगेच मरतो, लॉगमध्ये "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस", एररनो ९९. आणि गंमत नाही पण आणखी एक, पहिलं मशीन रीबूट केलं तर त्याच्यावर पण कधी कधी हेच येतं. तिथं मी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये स्लीप २० टाकून काम भागवलंय, पण ते मला बरोबर वाटत नाही.

मला दोन्ही मशीनवर प्रोग्रॅम आधीपासून तयार हवाय कारण सुरू होताना तो सगळे दरपत्रक आणि सभासद मेमरीत घेतो, त्याला ४० सेकंद लागतात. कुठं चुकतंय?

ठाणे_सॉकेट · सोमवार, रात्री ११:४१

पोर्ट आधीच कुणीतरी धरलं असेल. एसएस हायफन एलटीएनपी मारून बघा.

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११:५८

नाही, पोर्ट धरलेलं असतं तर ९८ आला असता, "अॅड्रेस ऑलरेडी इन यूज". हे दोन आकडे लोक सारखे गोंधळतात. ९८ म्हणजे जागा आहे पण कुणीतरी बसलंय, ९९ म्हणजे हा पत्ताच या मशीनचा नाही.

पंचगंगा, तुमचं काही चुकलेलं नाही, कर्नल खरं तेच सांगतोय. बाइंड म्हणजे तुम्ही कर्नलला म्हणता की या पत्त्यावर येणारं माझ्याकडं दे. कर्नल आधी बघतो की हा पत्ता आत्ता या क्षणी माझ्या कुठल्या तरी इंटरफेसवर आहे का. दुसऱ्या मशीनवर .५० नाहीच, तो पहिल्याकडं आहे, मग तो नकार देतो. रीबूटनंतर पहिल्यावर पण तसंच, कारण कीपअलाइव्हड उठल्यावर लगेच मास्टर (म्हणजे पत्ता धरणारा) होत नाही, आधी बॅकअप म्हणून ऐकत बसतो, दुसरं कुणी बोलत नाही अशी खात्री झाली की मग पत्ता चढवतो. तुमचा प्रोग्रॅम त्या आधी उठला की ९९, नंतर उठला की चाललं. म्हणजे तुमची स्लीप २० ही नुसती शर्यत जिंकायची युक्ती आहे, एखाद्या दिवशी हरेल.

दुसऱ्या मशीनवर आयपी अॅडर शो मारून इथे टाका, .५० दिसणार नाही.

पंचगंगा_रूट · मंगळवार, सकाळी ७:०५

बरोबर, दुसऱ्यावर नुसता .१२/२४ दिसतोय. पहिल्यावर .११/२४ आणि खाली .५०/३२.

मग यावर इलाज काय? पत्ता नसताना बाइंड करायचं तरी कसं?

ठाणे_सॉकेट · मंगळवार, सकाळी ९:३०

रात्रपाळींचं बरोबर आहे, मी एरर नीट वाचला नाही. सोपा इलाज म्हणजे पत्ता देऊच नका, ०.०.०.० वर बाइंड करा. मशीनवर आत्ता असलेले आणि नंतर चढणारे सगळे पत्ते त्यात येतात. .५० ज्या क्षणी दुसऱ्यावर येईल त्या क्षणी तुमचा सॉकेट त्याच्यासाठी पण ऐकायला लागेल, प्रोग्रॅमला कळवायची पण गरज नाही. निम्मे लोक हेच करतात आणि टीसीपीला ते पुरतं.

पंचगंगा_रूट · मंगळवार, दुपारी १:१५

करून बघितलं, दोन अडचणी आल्या.

एक, पहिल्या मशीनवर नवीन केंद्रचालकांना शिकवायला एक चाचणीची कॉपी .११ च्या ९१०० वर चालू असते. ०.०.०.० दिलं की ९८ आला. एसओ_रीयूजअॅडर लावलेलं आहे तरी.

दोन, चाचणीची कॉपी बंद करून पुन्हा केलं तर टीसीपी मस्त चाललं, नोंदी आल्या, पावत्या निघाल्या, पण यंत्रांच्या पडद्यावर "सर्व्हर बंद" दिसायला लागलं. म्हणजे यूडीपीचं उत्तर पोचत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये तर उत्तर पाठवल्याची नोंद आहे.

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी १:४०

पहिलीचं कारण: लिनक्सवर एक सॉकेट एखाद्या ठरावीक पत्त्यावर ऐकत बसला असेल तर त्याच पोर्टवर ०.०.०.० ला ऐकता येत नाही, आणि उलटही नाही. रीयूजअॅडरचा उपयोग लिनक्सवर मुख्यतः प्रोग्रॅम बंद करून लगेच सुरू करताना होतो, जुनी कनेक्शन टाइम-वेटमध्ये ६० सेकंद पडून असतात तेव्हा. ऐकत बसलेल्या सॉकेटला तो हलवत नाही. बीएसडीवाल्यांकडं नियम वेगळा आहे, तिथून आलेली पुस्तकं वाचून लोक फसतात.

दुसरीचं केबलवाली ताईंना विचारा, त्यांनी आमच्याकडं डीएनएस सर्व्हरवर हेच निस्तरलं होतं.

केबलवाली · मंगळवार, दुपारी ४:२२

आले. पंचगंगा, टीसीपीडम्प (येणारीजाणारी पाकिटं दाखवणारी कमांड) लावून बघा, तुमचं उत्तर .५० वरून जात नाही, .११ वरून जातंय, मी पैज लावते.

टीसीपीत कनेक्शन जुळतानाच ठरतं की आपला पत्ता कुठला, समोरच्यानं .५० ला हाक मारली तर अॅक्सेप्ट केलेल्या सॉकेटचा पत्ता .५० च राहतो, त्यामुळे ०.०.०.० वर ऐकलं तरी काही बिघडत नाही. यूडीपीत असं कनेक्शन नाही. रेसीव्हफ्रॉमनं एक पाकीट घेतलं, सेंडटूनं दुसरं पाठवलं, या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे हे कर्नलला माहीतच नाही. सॉकेट ०.०.०.० वर असला की उत्तराचा "प्रेषक" कर्नल रूटिंग टेबल बघून ठरवतो आणि तो मशीनचा मुख्य पत्ता निघतो, म्हणजे .११. आता तुमच्या राउटरच्या एनएटी (बाहेरचा पत्ता आतल्या पत्त्याशी जुळवायच्या) नोंदीत उत्तर .५० कडून येणं अपेक्षित आहे, .११ कडून आलं की ती नोंद जुळत नाही, राउटर त्याला नवीन संवाद समजून वेगळ्याच पोर्टवरून बाहेर सोडतो आणि यंत्र म्हणतं हे कोण अनोळखी, फेकून दे.

इलाज दोन. एक तर आयपी_पीकेटीइन्फो पर्याय लावून रेसीव्हमेसेजनं प्रत्येक पाकीट कुठल्या पत्त्यावर आलं ते काढायचं आणि सेंडमेसेजला तोच पत्ता प्रेषक म्हणून द्यायचा. चालतं, पण कोड वाढतो. दुसरं म्हणजे यूडीपी सॉकेट सरळ .५० ला बाइंड करायचा, मग प्रेषक आपोआप .५० च राहतो. पण मग तुम्ही परत ९९ वर येता :) म्हणून रात्रपाळींनी आता खरा इलाज लिहावा.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री १०:१०

लिहितो, जरा सविस्तर, कारण हे मराठीत कुठं नीट सापडत नाही.

लिनक्सवर "पत्ता माझा नसला तरी बाइंड करू दे" असं सांगायच्या दोन जागा आहेत.

पहिली संपूर्ण मशीनसाठी. नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड ही सेटिंग मुळात ० असते, ती १ करायची. सिसकंट्रोलनं लगेच लागू होते, आणि ईटीसी खाली सिसकंट्रोल.डी मध्ये एक फाइल करून ठेवली की रीबूटनंतर पण राहते. एचएप्रॉक्सी आणि कीपअलाइव्हडची जोडी लावणारे बहुतेक जण हेच करतात. आयपीव्ही६ ला वेगळी सेटिंग आहे त्याच नावाची, ती विसरू नका.

दुसरी एका सॉकेटसाठी. सॉकेट उघडल्यावर आणि बाइंडच्या आधी सेटसॉकऑप्टनं आयपी_फ्रीबाइंड १ करायचं. हे लिनक्स २.४ पासून आहे, रूट असावं लागत नाही. सिस्टिमडीच्या सॉकेट फाइलमध्ये फ्रीबाइंड=यस लिहिलं की तेच होतं.

तुमचा कोड तुमच्या हातात आहे, सी मध्ये आहे, तर माझं मत दुसऱ्याला. पहिल्या पद्धतीत त्या मशीनवरचा प्रत्येक प्रोग्रॅम कुठल्याही पत्त्यावर बाइंड होतो. कुणी .५० च्या जागी .५ लिहिलं तर आज ९९ येऊन चूक लगेच कळते, ती सेटिंग केल्यावर प्रोग्रॅम गुपचूप सुरू होईल आणि त्याच्याकडं कधीच काही येणार नाही, दिवसभर शोधत बसाल. फ्रीबाइंडमध्ये पण ही जोखीम आहे पण एका ओळीपुरती, आणि ती ओळ तुम्ही जाणूनबुजून लिहिलेली असते.

जावावाल्यांना मात्र सर्व्हरसॉकेटमध्ये फ्रीबाइंड मिळत नाही, त्यांना मशीनची सेटिंगच.

देशावरचा_जावा · मंगळवार, रात्री ११:०२

जावाचा विषय निघाला म्हणून, सर्व्हरसॉकेटला पत्ता द्यायचा तर तीन गोष्टी घेणारा कन्स्ट्रक्टर वापरावा लागतो, पोर्ट, बॅकलॉग आणि पत्ता. नुसतं पोर्ट दिलं की तो सगळ्या पत्त्यांवर ऐकतो. आणि जे आरएमआय (दुसऱ्या मशीनवरच्या जावा प्रोग्रॅमला हाक मारायची सोय) वापरतात त्यांनी लक्षात ठेवा, सॉकेट बरोबर पत्त्यावर बांधला तरी क्लायंटला जो स्टब जातो त्यात मशीनचा खरा पत्ता जाऊ शकतो, मग क्लायंट व्हर्च्युअल आयपीला सोडून थेट एका मशीनला चिकटतो. जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम मध्ये व्हर्च्युअल आयपी द्यायचा. आमचे यात दोन आठवडे गेले होते.

नाशिक_विंडोज · बुधवार, सकाळी १०:१५

विंडोजवर हाच एरर १००४९ म्हणून येतो, आणि पोर्ट धरलेलं असेल तर १००४८. तिकडच्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये पद्धत उलटी आहे, आयपी पत्ता हा एक रिसोर्स, सेवा हा दुसरा रिसोर्स, आणि सेवा त्या आयपीवर अवलंबून आहे असं सांगायचं. म्हणजे पत्ता ज्या नोडवर चढला तिथंच नंतर सेवा सुरू होते, बाइंड फसायचा प्रश्नच नाही. तुम्ही पण पत्ता आल्यावर प्रोग्रॅम सुरू करायची व्यवस्था का करत नाही?

रात्रपाळी · बुधवार, सकाळी १०:५०

करता येतं, कीपअलाइव्हडमध्ये नोटिफाय_मास्टरला स्क्रिप्ट देता येते, पेसमेकर नावाच्या क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर आयपी आणि सेवा एका ग्रुपमध्ये टाकली की क्रमानंच चालू होतात. डेटाबेससारख्या गोष्टीला जिथं दोन प्रती एकदम चालू असणंच धोक्याचं आहे तिथं हीच पद्धत योग्य. पण यांचा प्रोग्रॅम उठायला ४० सेकंद घेतो. सहा वाजता केंद्रावर रांग लागलेली असताना ४० सेकंद आणि नुसता पत्ता हलायचे ४ सेकंद यात फरक आहे.

पंचगंगा_रूट · बुधवार, रात्री ९:३०

आयपी_फ्रीबाइंड लावलं, दोन्ही सॉकेटला, टीसीपी आणि यूडीपी. दुसऱ्या मशीनवर प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात उठला. यूडीपीची उत्तरं .५० वरून जातायत, यंत्रांवर "सर्व्हर चालू" दिसतंय, आणि .११ वरची चाचणीची कॉपी पण शेजारी नीट चालतेय. मनापासून आभार सगळ्यांचे.

आता संध्याकाळची पाळी संपल्यावर बदलाची चाचणी घेतो. त्या आधी एक विचारतो, कीपअलाइव्हडमध्ये तब्येत तपासायला एक स्क्रिप्ट लिहिलीय, ती .५० च्या ९१०० ला जोडून बघते, जोडलं गेलं तर सगळं ठीक. चालेल ना?

केबलवाली · बुधवार, रात्री ९:४४

थांबा, हे चालणार नाही, आणि हे लक्षात आलं नाही तर पुढं मोठा घोळ होईल.

दुसऱ्या मशीनवर ती स्क्रिप्ट चालते तेव्हा .५० कुठं आहे? पहिल्यावर. म्हणजे दुसऱ्याची स्क्रिप्ट नेटवर्कवरून जाऊन पहिल्याचा प्रोग्रॅम तपासून येते आणि म्हणते माझी तब्येत ठणठणीत. दुसऱ्यावरचा प्रोग्रॅम आठ दिवसांपूर्वी मेलेला असला तरी कळणार नाही. मग ज्या दिवशी पहिलं पडेल त्या दिवशी .५० मोठ्या विश्वासानं मेलेल्या प्रोग्रॅमच्या घरी जाईल.

म्हणून प्रोग्रॅममध्ये आणखी एक ऐकणारा सॉकेट उघडा, १२७.०.०.१ च्या ९१०० वर. पोर्ट तेच चालेल, पत्ता वेगळा असल्यामुळे भांडण होत नाही. स्क्रिप्टनं तो तपासायचा, आणि नुसतं कनेक्ट होतंय का एवढं नको, एक खोटी चौकशी पाठवून उत्तर येतंय का बघा. कारण कनेक्ट कर्नलच पूर्ण करतो, प्रोग्रॅम आत अडकून बसला असला तरी रांगेत जागा असेपर्यंत कनेक्शन जुळतं.

ठाणे_सॉकेट · बुधवार, रात्री ९:५२

ताई, हे मला पण माहीत नव्हतं. आमच्याकडची स्क्रिप्ट उद्याच बघतो.

पंचगंगा_रूट · बुधवार, रात्री ११:५०

१२७.०.०.१ चा सॉकेट टाकला, स्क्रिप्ट बदलली. मग चाचण्या.

पहिल्यावर कीपअलाइव्हड बंद केला: .५० एका सेकंदाच्या आत दुसऱ्यावर. पहिल्याची नेटवर्क केबल उपटली: साधारण चार सेकंदांनी दुसऱ्यावर, आयपी अॅडर शो मध्ये दिसला. पण मी केबल परत लावेपर्यंत यंत्रं जोडली गेलीच नाहीत, काहींना तर सगळी मिळून जवळजवळ १५ मिनिटं लागली. प्रोग्रॅम तर तयार बसलेला होता. आता काय?

रात्रपाळी · गुरुवार, सकाळी ६:४०

एक सेकंद आणि चार सेकंद हे दोन्ही बरोबर आहेत. व्हीआरआरपीत (दोन मशीनवरचे कीपअलाइव्हड एकमेकांशी ज्या प्रोटोकॉलनं बोलतात तो) मास्टर दर सेकंदाला "मी आहे" असं २२४.०.०.१८ वर ओरडत असतो. बॅकअप तीन हाका चुकेपर्यंत थांबतो, वर थोडा जास्तीचा वेळ, जो प्रायॉरिटीवर ठरतो: २५६ वजा प्रायॉरिटी, भागिले २५६. तुमच्या बॅकअपची ९० असेल तर ०.६५ सेकंद. एकूण ३.६५. आणि कीपअलाइव्हड नीट बंद केला तर तो जाताना प्रायॉरिटी ० ची हाक मारून जातो, मग बॅकअप फक्त तो ०.६५ सेकंदच थांबतो.

१५ मिनिटांचं कारण वेगळं आहे, आणि माझ्या मते दोन कारणं एकत्र झालीत.

एक राउटर. .५० दुसऱ्यावर गेला तरी राउटरच्या एआरपी टेबलात (कुठला आयपी कुठल्या नेटवर्क कार्डाकडं, याची यादी) .५० समोर पहिल्याचा मॅक पत्ता असतो. कीपअलाइव्हड मास्टर होताना न विचारता एआरपी पाठवतो, ५ लगेच आणि ५ सेकंदांनी परत ५, "मंडळी, .५० आता माझ्याकडं आहे" असं सांगायला. बहुतेक राउटर ऐकतात. तुमचा ऐकतोय का बघा, टीसीपीडम्प दुसऱ्यावर एआरपी साठी लावा, पाकिटं जातायत का, आणि त्याच वेळी राउटरमध्ये .५० समोर कुठला मॅक आहे.

दुसरं यंत्रं स्वतः. ते तुम्ही आधी तपासा मग बोलू.

पंचगंगा_रूट · गुरुवार, दुपारी २:३०

राउटरचं सापडलं! त्यात आयपी-मॅक बांधणीचा पर्याय चालू होता, बसवणाऱ्यानं सुरक्षेसाठी .५० ला पहिल्याचा मॅक कायमचा लिहून ठेवलेला. म्हणजे आम्ही कितीही एआरपी पाठवले तरी तो ऐकणारच नव्हता. ती ओळ काढली. आता राउटरवर मॅक लगेच बदलतो, नवीन कनेक्शन पाच सेकंदांत येतात.

पण काही यंत्रं अजून लटकतात. जी त्या वेळी नुकतीच नोंद पाठवून दराची वाट बघत होती तीच.

केबलवाली · गुरुवार, दुपारी ३:१०

हे दुसरं कारण. व्हर्च्युअल आयपी पत्ता हलवतो, कनेक्शन हलवत नाही. जुळलेलं टीसीपी कनेक्शन म्हणजे दोन्ही टोकांच्या मेमरीतले आकडे, ते पहिल्या मशीनबरोबर गेले. ज्या यंत्रानं बदलानंतर काहीतरी पाठवलं त्याला दुसऱ्या मशीनच्या कर्नलनं "असं कनेक्शन माझ्याकडं नाही" म्हणून रीसेट दिला, ते लगेच परत जोडलं गेलं. जे यंत्र नुसतं उत्तराची वाट बघतंय, स्वतः काही पाठवत नाही, त्याला कुणी काही सांगणारच नाही. ते कायम वाट बघेल. आणि बदल होत असताना ज्याचं पाठवलेलं पोचलंच नाही ते पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, दर वेळी दुप्पट थांबून. लिनक्समध्ये ठरीव सेटिंगला हे १५ मिनिटांच्या आसपास चालतं आणि मग कनेक्शन मेलं असं कळतं. तुमचा १५ चा आकडा बहुतेक तिथूनच आलाय.

टीसीपी कीपअलाइव्हवर (हा वेगळा, कीपअलाइव्हड नव्हे) विसंबू नका, तो ठरीव सेटिंगला ७२०० सेकंद शांततेनंतर पहिली चौकशी करतो. तोपर्यंत दूध डेअरीत पोचलेलं असेल.

यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये साधा नियम टाका, उत्तर १० सेकंदांत आलं नाही तर कनेक्शन तोडून नवीन जोड आणि नोंद परत पाठव.

पंचगंगा_रूट · गुरुवार, दुपारी ४:००

नोंद परत पाठवली आणि पहिली पण खरंतर पोचलेली असली तर? सभासदाच्या खात्यावर दोनदा दूध पडेल. किंवा उलट, पोचलीच नाही तर त्याचं दूध गेलं. म्हशीचं ८ लिटर दूध घालणाऱ्या माणसाला एका पाळीची नोंद गेली तरी फार लागतं, आणि त्याची खातरजमा करायला तो पाच किलोमीटर चालत येतो.

रात्रपाळी · गुरुवार, रात्री ९:२०

हा प्रश्न विचारलात म्हणून बरं वाटलं, बरेच लोक पत्ता हलला की काम झालं म्हणून थांबतात.

प्रत्येक नोंदीला यंत्रानं स्वतःचा क्रमांक द्यायचा: यंत्राचा नंबर, तारीख, पाळी, आणि वाढत जाणारा आकडा. यंत्रानं ती नोंद स्वतःच्या मेमरीत ठेवायची आणि सर्व्हरची पोच आल्यावरच पुसायची. सर्व्हरनं डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहू न देणारी) लावायची आणि डेटाबेसमध्ये पक्कं लिहून झाल्यावरच पोच द्यायची. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर एरर द्यायचा नाही, आधी काढलेला तोच दर आणि तीच पोच परत द्यायची. मग कितीही वेळा पाठवा, खात्यावर एकदाच पडणार. दोन्ही मशीन एकाच डेटाबेसला लिहितात ना?

पंचगंगा_रूट · गुरुवार, रात्री ९:३५

हो, डेटाबेस वेगळ्या मशीनवर आहे, त्याला बॅकअप वेगळा. तिथल्या फायरवॉलमध्ये .११ आणि .१२ दोन्ही उघडे आहेत.

केबलवाली · गुरुवार, रात्री ९:५०

मग उत्तम. फक्त डेटाबेसकडं जाणारं कनेक्शन .५० वरून काढू नका, ते मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावरूनच जाऊ दे. तुमचा .५० हा /३२ नं चढतोय म्हणजे आपोआप तसंच होईल.

आणि दोन्ही मशीनच्या फायरवॉलमध्ये व्हीआरआरपी उघडं आहे ना? ते टीसीपी-यूडीपी नाही, स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, क्रमांक ११२. ते अडलं तर दोघांनाही दुसरा मेला असं वाटतं, दोघेही .५० चढवतात, आणि राउटर कधी याचं ऐकतो कधी त्याचं.

पुणे_क्लाउड · शुक्रवार, दुपारी १२:०५

धागा वाचून माझाही प्रश्न विचारतो. आमचा सर्व्हर अॅमेझॉनच्या क्लाउडवर आहे, इलॅस्टिक आयपी (क्लाउडकडून मिळणारा स्थिर बाहेरचा पत्ता) घेतलाय, त्याला बाइंड केलं की मलाही ९९ येतो. फ्रीबाइंड लावलं तर एरर गेला पण कनेक्शन येत नाहीत.

रात्रपाळी · शुक्रवार, दुपारी १२:४०

कारण तो पत्ता तुमच्या मशीनवर कधीच येत नाही. इलॅस्टिक आयपी बाहेरच्या बाहेर एनएटी होऊन तुमच्या खासगी पत्त्यावर येतो, मशीनला दिसणाऱ्या पाकिटावर खासगी पत्ताच असतो. फ्रीबाइंडनं तुम्ही कधीच न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघत बसलात. खासगी पत्त्यावर किंवा ०.०.०.० वर बाइंड करा.

आणि तिथं कीपअलाइव्हड लावायचा विचार असेल तर नुसता एआरपी पाठवून पत्ता हलत नाही, नोटिफायच्या स्क्रिप्टमधून क्लाउडच्या एपीआयला सांगून पत्ता दुसऱ्या मशीनला जोडावा लागतो.

पंचगंगा_रूट · पुढचा मंगळवार, रात्री १०:४५

सगळं करून झालं, म्हणून शेवटचं लिहितो.

यंत्र बनवणाऱ्याकडून १० सेकंदांचा नियम आणि नोंद क्रमांक टाकून घेतला, ४ केंद्रांवर नवीन प्रोग्रॅम गेलाय, बाकीची या महिन्यात. सर्व्हरवर युनिक की लागली. व्हीआरआरपी फायरवॉलमध्ये उघडं होतं.

आज संध्याकाळी, पाळी चालू असताना, केंद्रचालकांना आधी फोन करून सांगून पहिल्या मशीनची केबल काढली. त्या ४ केंद्रांवर मिळून तेव्हा ३ नोंदी मध्यात होत्या. तिन्ही १० सेकंदांनी परत आल्या, त्यातली एक पहिल्या मशीननं आधीच लिहिलेली होती, दुसऱ्यानं तिला जुनाच दर परत दिला आणि पावती निघाली. एका केंद्रावरच्या आजींनी फक्त विचारलं की मशीन आज एवढा विचार का करतंय.

रात्री दोन्ही मशीन एकदम बंद करून एकदम चालू केली. दोन्ही प्रोग्रॅम .५० यायच्या आधीच उठून बसले. स्क्रिप्टमधली स्लीप २० ची ओळ काढून टाकलीय.

केबलवाली · पुढचा मंगळवार, रात्री ११:००

छान. केबल परत लावल्यावर .५० लगेच पहिल्याकडं पळत असेल तर पाळी चालू असताना विनाकारण दुसरा झटका बसतो, दोन्हीकडं स्टेट बॅकअप ठेवून नोप्रीएम्प्ट लावा म्हणजे तो जिथं आहे तिथंच राहील.

पंचगंगा_रूट · पुढचा मंगळवार, रात्री ११:१२

होय ताई, तसंच झालं आज. उद्या सकाळची पाळी संपली की लावतो.